शेतकऱ्याचा मधुमेह : ताट, चाल आणि पाय

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, शेतात राबणाऱ्या माणसाला तो कशाला होईल, असा समज ग्रामीण भागात अजूनही आढळतो. एके काळी त्यात बरेच तथ्य होते. आता तसे राहिलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे प्रमाण अजून शहरात जास्त आहे. परंतु उंबरठ्यावरील लोकांचे प्रमाण मात्र खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखेच आढळून आले. शेतकरी बंधू-भगिनींनो, काळजी वाटावी अशी बाब हीच आहे.

उंबरठा म्हणजे काय ते आधी पाहू. रात्रभर उपाशी राहून सकाळी केलेल्या तपासणीत रक्तातील साखर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावी. ती १०० ते १२५ असल्यास उंबरठा आणि १२६ किंवा जास्त असल्यास मधुमेह समजतात. तपासणी पुन्हा करून खात्री करून घ्यावी लागते. उंबरठ्यावरच्या माणसाला काहीही दुखत नाही, खुपत नाही. मधुमेह झालेल्या पुष्कळांनाही सुरुवातीची काही वर्षे त्रास जाणवत नाही. म्हणून वयाची तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते. घरात आई, वडील किंवा भाऊ-बहिणीला हा आजार असेल तर तिशीचीही वाट पाहू नये.

नांगरामागची चाल

बैलांच्या नांगराने एक एकर नांगरताना माणूस किती चालत होता, याचा हिशेब करून पाहावा. नांगराच्या तासाची रुंदी ९ इंच धरली तर एका एकरात सुमारे १८ किलोमीटर चाल पडते. वळणावरची चाल वेगळी. पुढे दोन फुटांच्या कुळवाची एक पाळी द्यायची म्हणजे आणखी साडेसहा किलोमीटर. मोट गेली, पाठोपाठ बारे देणेही अनेक ठिकाणी कमी झाले. आता ट्रॅक्टर तासाभरात एकर नांगरून देतो, ठिबकची तोटी फिरवली की पाणी सुरू होते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. यंत्रे आली हे चांगलेच झाले. त्या कष्टांत परत जा, असे कोणी सांगणार नाही आणि सांगू नये. परंतु कष्ट कमी झाले तरी ताट मात्र वडिलांच्या काळातलेच राहिले, किंबहुना त्यात साखर, तेल आणि पांढरा भात वाढला. खर्च कमी आणि जमा जास्त, असा हा ताळेबंद आहे. उरलेली शिल्लक पोटावर साठते.

यातही सर्वांना एकच नियम लावू नये. खुरपणी, कापूस वेचणी, भातलावणी आणि ऊसतोडणी करणाऱ्या बायामाणसांचे कष्ट फारसे कमी झालेले नाहीत. त्यांच्या ताटातली भाकरी कमी करण्याचे कारण नाही. कमी करायची ती ट्रॅक्टरवर किंवा दुचाकीवर बसून शेत पाहणाऱ्याची.

बारीक अंगकाठीचा भरवसा धरू नये

"मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?" हा प्रश्न मेळाव्यात हमखास येतो. याचे उत्तर पुण्याच्या संशोधनाने दिले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण यंत्रावर तपासले असता युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के निघाली. या दोघांनी स्वतःचेच छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून ही गोष्ट जगापुढे मांडली. डॉ. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच लहान होती. मात्र स्नायू कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असतोच असे नाही.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक उपयोगी पडते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यानंतर, पोट आत न ओढता कमरेचा घेर मोजावा. पुरुषांत तो ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. गरोदरपणात आईची साखर तपासून घेणे आणि तिला पुरेसा, चौरस आहार देणे हीदेखील पुढच्या पिढीच्या मधुमेहाची प्रतिबंधक मशागतच आहे.

ताटात काय बदलावे

ज्वारीची भाकरी खाल्ली की मधुमेह बरा होतो, असे सांगणारे अलीकडे फार झाले आहेत. तसे नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, पण पिष्टमय पदार्थही ६७ ग्रॅमच्या आसपास असतात. चोकरासह दळलेली कणीक याबाबतीत ज्वारीच्या जवळचीच आहे. फरक पडतो तो पांढऱ्या तांदळाशी व मैद्याशी तुलना केली असता. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू ३ ग्रॅमच्याही खाली येतात. तेव्हा भाताऐवजी ज्वारी, बाजरी किंवा नाचणी जरूर घ्यावी, मात्र मोजून घ्यावी. शंभर ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे ३३० उष्मांक होतात. बसून काम करणाऱ्याने अशा तीन भाकरी एका वेळी खाल्ल्या तर धान्य कोणते, हा प्रश्न गौण ठरतो.

ताटाची वाटणी अशी करावी : निम्म्या ताटात भाजी, पालेभाजी व कोशिंबीर, पाव ताटात डाळ, उसळ, अंडे किंवा मासे आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. बटाटा, रताळे हे भाजीत न धरता भाताच्या भागात धरावे. आपल्याकडे अडचण येते ती पहिल्या भागाची. शेतात पाच प्रकारची भाजी पिकवून सगळी बाजारात पाठवणारे आणि घरी बटाट्याचा रस्सा करणारे शेतकरी कमी नाहीत. बांधावर व परसात मेथी, चुका, चाकवत, शेवगा, घेवडा घरासाठी म्हणून वेगळा राखावा.

आता चहा. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली आणि पाहुणेरावळे, चावडी, बाजार मिळून दिवसाचे सहा कप झाले तर ६० ग्रॅम साखर पोटात जाते. वर्षाची ती जवळजवळ २२ किलो होते, आणि तीही एका माणसाची, केवळ चहातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २००० उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी. २५ ग्रॅमच्या आत असल्यास अधिक चांगले. ऊस पट्ट्यातील वाचकांना हे फारसे रुचणार नाही याची कल्पना आहे. गुळाचा चहा हा त्यावरचा उपाय नव्हे. गूळ कितीही चांगला असला तरी त्यात मुख्यतः साखरच असते आणि रक्तातली साखर तो तितकीच वाढवतो.

उपवासाबाबतही थोडे सांगणे आवश्यक आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेहींच्या बाबतीत फार खरी ठरते. उपवास करायचाच तर राजगिरा, थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी, ताक असा करावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार उपवास करू नये.

मधुमेहाबरोबर रक्तदाब बहुधा जोडीने येतो. वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर उपचार लागतात. मिठाचे प्रमाण माणशी दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत असावे. याचा सोपा हिशेब म्हणजे पाच माणसांच्या घरात एक किलो मिठाची पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे, आणि लोणचे-पापडाचे मीठसुद्धा त्यातच धरले पाहिजे. तंबाखू आणि मशेरी सोडणे हा भाग यात आलाच.

उंबरठ्यावरून परतता येते

हे बदल करून खरोखर फरक पडतो का? चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा सुमारे तीन वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना विशेष मार्गदर्शन दिले नव्हते त्यांच्यापैकी १०० मागे ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी रोज किमान अर्धा तास भरभर चालणे व आहारातील बदल पाळले त्यांच्यात हेच प्रमाण ३९ राहिले. शंभरातील सोळा माणसे वाचली, तीही औषधाशिवाय. जे आधीपासून अंगमेहनतीचे काम करत होते त्यांना वेगळे चालायला सांगितले नव्हते, आहे तेच काम चालू ठेवण्यास सांगितले होते. सुगीत घाम गाळणाऱ्याने पहाटे उठून फिरायला जाण्याची गरज नाही. परंतु सुगी संपल्यावर, चैत्र-वैशाखात पारावर बसण्याच्या दिवसांत, मोटारसायकल घरी ठेवून शेतावर पायी जावे.

रात्रीचे पाणी आणि फवारणी

मधुमेह झालेल्या शेतकऱ्याचे दुसरे संकट म्हणजे साखर एकदम उतरणे. इन्सुलिन आणि काही गोळ्यांमुळे हे घडू शकते. आपली गोळी त्यातली आहे का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेला माणूस संध्याकाळी गोळी घेतो, जेवण राहून जाते आणि चिखलात चार तास काम होते. मग हात थरथरतात, दरदरून घाम येतो, भूक लागते आणि डोके काम देईनासे होते. अशा वेळी विहिरीच्या काठावर एकट्याने असणे धोक्याचे आहे. जेवल्याशिवाय पाण्यावर जाऊ नये. खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी असावीच. लक्षणे दिसताच तीन चमचे साखर खावी, बसून राहावे, १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच खावी आणि नंतर भाकरी खावी. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे.

फवारणी करताना घाम, थरथर आणि भोवळ आली तर ती कीटकनाशकाची विषबाधाही असू शकते. तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी येणे, बुबुळातील बाहुली बारीक होणे व उलट्या ही विषबाधेची लक्षणे होत. शेतात उभे राहून निदान करत बसू नये. फवारणी थांबवावी, कपडे बदलून अंग धुवावे, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा आणि रुग्णाला मधुमेह आहे हे पोचताक्षणीच सांगावे. शुद्ध असून उलट्या होत नसतील तर वाटेत साखर द्यावी.

पायाची रोजची पाहणी

एका मेळाव्यानंतर एक वयस्कर बागायतदार थांबले आणि त्यांनी चप्पल काढून पाय दाखवला. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, भोवती पू झाला होता. "काटा कधी रुतला, काका?" असे विचारले तर म्हणाले, "आठवत नाही. दुखतच नव्हतं, म्हणून कुणाला दाखवलं नाही." दुखत नव्हते, हेच तर दुखणे होते. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही कमी होतो. मग तुरीचे धसकट, पऱ्हाटीची काडी, चपलेतला खडा यांची जखम कळत नाही, ती चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते.

बधिरपणा घरीच तपासता येतो. डोळे मिटून पडून राहावे आणि नातवाला सांगावे की, दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटाने हलका स्पर्श कर, दाबू नकोस. अशा सहा जागांपैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही तर डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. रोज संध्याकाळी हातपाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, तळवा उजेडात पाहावा. वाकता येत नसल्यास खाली आरसा धरावा. गोठ्यात, खळ्यावर, तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नये. गमबूट घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा; त्यात खडा असतो तसा विंचूही असतो. शेकण्यासाठी गरम पाण्यात पाय बुडवू नयेत, पायाला चटका कळत नाही. भोवरी घरी ब्लेडने कापू नये. जखम लहान दिसली तरी त्यावर हळद-चुना भरून वाट पाहू नये.

इन्सुलिन कोठे ठेवावे

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे. वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर ३० अंशांच्या आत चालते. नेमकी मुदत तिच्या वेष्टनावर पाहावी. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात हे तापमान राहत नाही. वाचकांना विटा आणि ओली वाळू वापरून केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष माहीत आहे. त्याच तत्त्वावर एका मोठ्या माठात वाळू भरून मध्ये लहान मडके बसवावे, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी आणि बाटली प्लॅस्टिकच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी. माठ सावलीत, वारा खेळेल अशा जागी असावा. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हा माठ फारसा गार होत नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या फ्रिजचा आधार घ्यावा. मोटारसायकलच्या डिकीत किंवा पंपघराच्या खिडकीत बाटली ठेवू नये.