उभट सूर्य

सूर्य गोल असतो, म्हणून चूक सापडली. नाहीतर ती फ्रेममध्ये जाऊन भिंतीवर लागली असती.

नेरूळच्या डीपीएस तलावात उतरणारे फ्लेमिंगो मी क्रॉस स्टिचमध्ये भरत होते. मावळतीचं पाणी, त्यात उभे पक्षी आणि वर डाव्या कोपऱ्यात सूर्य. ग्राफ माझाच होता, १६८ चौकटी रुंद आणि १६८ चौकटी उंच. खालच्या पाण्यापासून सुरुवात केली, मग पक्षी भरले आणि चार महिन्यांनी सूर्यापर्यंत पोचले. ग्राफवर तो २८ बाय २८ चौकटींत नीट गोल बसला होता. कापडावर मात्र उभट उतरला. वाटलं, टाके मोजताना चुकले. दोनदा मोजले, टाके बरोबर होते. मग पट्टी लावली. आडवा बरोबर दोन इंच भरला, उभा सव्वादोनच्याही वर.

पुन्हा पक्ष्यांकडे पाहिलं तर त्यांच्या माना आणि पाय, सगळंच ताणलेलं. फ्लेमिंगोचे पाय मुळातच लांब, त्यामुळे इतके महिने काही खटकलं नव्हतं. उलट डौलदार वाटत होते.

चूक कापडात नव्हती, ते निवडण्यात होती, आणि निवड माझी होती. मॅटीवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. मॅटीत, म्हणजे आयडात, धाग्यांचे गठ्ठे करून विणलेल्या चौकटी असतात आणि त्यांच्या कोपऱ्यांवर स्वच्छ भोकं. चौदा काउंट म्हणजे इंचाला चौदा चौकटी, म्हणजेच चौदा फुल्या. तिथे मोजायचं काम विणणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. बारीक कापडात तसं नसतं. सुटे उभे-आडवे धागे असतात आणि बहुतेक वेळा दोन धागे ओलांडून एक फुली घालतात. म्हणजे २८ काउंटवर इंचाला चौदाच फुल्या पडतात, ३२ वर सोळा. आकार मॅटीएवढाच, पण कापड मऊ पडतं आणि जिथे भरलेलं नाही तिथली पोकळी सुंदर दिसते. मला आकाश कोरं ठेवायचं होतं, म्हणून लिनन हवं होतं.

भरतकामासाठीचं लिनन महाग. पडद्यांच्या कापडात मला तसंच दिसणारं, सायीच्या रंगाचं लिनन मिळालं. घरी येऊन एका इंचातले धागे मोजले, अठ्ठावीस भरले आणि मी हरखून गेले. मोजले ते फक्त आडव्या पट्टीने. पट्टी उभी धरून मोजलंच नाही. तसं मोजलं असतं तर चोवीसच भरले असते. पडद्याच्या कापडाला दोन्हीकडे सारखे धागे असायचं काही कारण नाही. त्याला फक्त नीट लोंबायचं असतं. दोन्ही दिशांना सारखे धागे असलेल्या कापडाला इव्हनवीव्ह म्हणतात, आणि मोजून भरायच्या कामाला तेच लागतं. माझं बारा बाय बाराचं चित्र बारा बाय चौदा होणार होतं. चारही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे राहतील या हिशेबाने मी अठरा इंचांचा चौरस कापला होता. वर-खाली आता दोन-दोनच इंच उरणार होते.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगेन. लेबलावर काहीही लिहिलेलं असो, कापड घरी आणल्यावर दोन टाचण्या बरोबर दोन इंचांवर टोचा आणि त्यांच्यामधले धागे सुईच्या टोकाने मोजा. मग पट्टी काटकोनात फिरवून पुन्हा मोजा. कापडात आणखी दोन ठिकाणी हेच करा, कारण लिननचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो. त्यानंतर कोपऱ्यात, फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या भागात, वीस बाय वीस फुल्यांचा चौकोन भरून पट्टीने मोजा. काही तासांचं काम आहे. माझे चार महिने गेले.

कापड धुऊन, इस्त्री करून मगच मोजा. लिनन आणि सुती कापड पाण्यात आटतं, आणि दोन्ही दिशांना सारखंच आटेल याचा भरवसा नाही. कडा लगेच दुमडून तुरपून घ्या किंवा मशीनवर झिगझॅग मारा. बारीक कापडाच्या कडेचे धागे भराभर सुटतात.

किती बारीक घ्यायचं, यावर मला थोडं मनापासून बोलायचं आहे. भरणाऱ्यांमध्ये एक समज आहे की चौदानंतर अठरा, अठरानंतर अठ्ठावीस, मग बत्तीस, अशा या पायऱ्या आहेत आणि हात तयार झाला की वर चढायचं. मीही याच समजातून गेले. पण हिशेब पाहा. चौदा काउंटवर एका चौरस इंचात १९६ फुल्या बसतात, अठरावर ३२४. आणि अठ्ठावीसवर एकेका धाग्यावर भरायला घेतलंत तर ७८४, म्हणजे चौदाच्या चौपट. चेहऱ्याची छटा, पक्ष्याचा डोळा, बारीक अक्षरं यांना ते लागतं. पाण्याला आणि आकाशाला लागत नाही. चित्र काय मागतंय आणि आपले डोळे काय देऊ शकतात, एवढंच बघून काउंट ठरवावा.

डोळ्यांचं तर लपवून चालत नाही. आपल्याकडे चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, ते उगाच नाही. मला जवळचा चष्मा लागला त्याच वर्षी मी हे लिनन घेतलं. रात्री ट्यूबलाइटखाली भरायचे आणि सकाळी निम्मे टाके उसवायचे. आता एकेरी धाग्याचं काम मी फक्त सकाळी, गॅलरीच्या उजेडात करते. कापड गडद असेल तर मांडीवर पांढरा पंचा पसरते, म्हणजे धाग्यांमधल्या फटी दिसतात.

एका धाग्यावर भरताना प्रत्येक फुली तिथल्या तिथे पुरी करा. मॅटीवर आपण आधी अर्धे टाके ओळीने घालत जातो आणि परतताना पुरे करतो. ती सवय इथे नडते, कारण अर्धा टाका शेजारच्या धाग्याखाली सरकून नाहीसा होतो. दोन धाग्यांवर भरताना पहिला टाका जिथे उभा धागा आडव्याच्या वरून जातो त्याच्या शेजारून काढला, तर टाके घसरत नाहीत. सुई बोथट टोकाचीच हवी. चौदा काउंटच्या मॅटीला २४ नंबरची, अठ्ठावीसच्या दोन धाग्यांवर २६ ची, एकेरीला २८ ची. दोन धाग्यांवर सहापदरी रेशमातले दोन पदर घ्या, एकेरीला एकच. दोन पदर हवे असतील तर एकच पदर दुप्पट लांबीचा घेऊन दुमडा आणि पहिला टाका त्याच्या फासातून ओवा, गाठ लागत नाही. कापडावर आधी दहा-दहा फुल्यांच्या चौकटी साध्या धावदोऱ्याने आखून घ्या. मी आखल्या असत्या, तर त्या उभट चौकटी पहिल्याच दिवशी दिसल्या असत्या.

नवी मुंबईत पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. खाडीकाठची दमट हवा कापडात भिनते. जूनमध्ये चार दिवस गावी जाताना मी सुई कापडात आणि कापड रिंगमध्ये तसंच ठेवून गेले. आल्यावर सुईखाली गंजाचा ठिपका होता आणि रिंगची गोल घडी इस्त्रीनेही पुरती गेली नाही. आता रोज उठताना रिंग काढते, सुई डबीत ठेवते आणि काम मलमलीत गुंडाळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकलेल्या दमटपणाने बुरशी धरते.

सूर्य उसवायला बसले तेव्हा सासूबाई शेजारी होत्या. त्या बेळगावच्या. त्यांच्या माहेरी इरकली लुगड्यांवर कशिदा भरत. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे त्याचे चार टाके. मेंथी म्हणजे आपली फुलीच. कशिद्यात कापडावर काही छापत नाहीत, धागे मोजून गोपुर, हत्ती, तुळशीवृंदावन उभं करतात. त्यांनी कापड उजेडाला धरलं, नखाने दोन्हीकडचे धागे मोजले आणि म्हणाल्या, "अगं, लुगड्यालाही दोन्हीकडे सारखे धागे कुठे असायचे? कापड आहे तसा नमुना बसवायचा. तू नमुन्यात कापड बसवत होतीस."

मग ग्राफ पुन्हा काढला. इंचाला आडव्या चौदा फुल्या आणि उभ्या बारा, म्हणजे दोन इंचांच्या गोलाला २८ रुंद आणि २४ उंच. कागदावर तो सूर्य चपटा दिसत होता. पक्षी तसेच राहू दिले, त्यांना उसवायचं बळ माझ्यात नव्हतं. सूर्य मात्र नव्याने भरला. शेवटची फुली घालून पट्टी ठेवली, आधी आडवी, मग उभी. दोन्हीकडे दोन इंच.