‘कोल्ड’ म्हणजे थंडीतलं नव्हे

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. नशिराबादच्या बाजारात अजूनही अर्धे लोक मला ‘सर’ म्हणून हाक मारतात. त्यामुळे एका चार अक्षरी इंग्रजी शब्दाने मला कसं तोंडघशी पाडलं, हे सांगायला जरा जडच जातं.

आमच्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की आतल्या खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर ‘कोल्ड टायर प्रेशर’ असं छापलेलं आणि खाली आकडे : चारही चाकांत ३३, गाडी पूर्ण भरलेली असेल तर मागच्या दोन चाकांत ३६. मी अर्थ लावला, हे थंडीतलं प्रेशर. मग उन्हाळ्यात काय? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, हवा फुगणार, म्हणजे उन्हाळ्यात कमी भरायची. गावात सगळे हेच सांगत होते, मी फक्त त्यावर इंग्रजीचा शिक्का मारला. मागच्या चाकांतली हवा २६ वर आणून ठेवली आणि स्वतःवर खूश झालो.

आखाजीला लेक माहेरी आली होती. तिला खामगावला पोचवायला निघालो. पाच माणसं, बिबड्या-कुरडयांचे डबे, ज्वारीचं पोतं, मुरलेल्या लोणच्याची बरणी. निघता निघता अकरा वाजले. वाघूरचा पूल, भुसावळ, मुक्ताईनगर मागे पडलं. मलकापूरच्या अलीकडे मागून एकदम बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग मासळीसारखा हलायला लागला. मी घाबरून ब्रेकवर उभा राहिलो. ही दुसरी चूक. गाडी आडवी होऊन दुभाजकाला घासत गेली आणि थांबली. मागे वळून पाहतो तर नातीचा फ्रॉक लालभडक. माझा श्वासच थांबला. ते लोणच्याचं तेल होतं. बायकोचं मनगट मात्र मोडलं; सहा आठवडे प्लास्टर.

पंक्चरवाल्या पोराने टायर रिमवरून उतरवलं. आत काळ्या रबराचा भुगा, आणि बाजूची भिंत गोलाकार फाटलेली. तो म्हणाला, “काका, हे हवा जास्त होऊन फुटलं नाही. हवा कमी होती, भाजून फुटलं.”

त्याचं खरं होतं. हवा कमी असली की टायरची भिंत दर फेऱ्याला रस्त्यापाशी दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी ८० च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक मिनिटाला सातशेच्या वर फेरे घेतं. लोखंडी तार सतत वाकवली की जशी गरम होते, तसंच हे. त्यात ओझं आणि तापलेला रस्ता. रबर आणि आतले थर एकमेकांना सोडतात. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, ते रबराचे थर सुटून अपघात होत होते म्हणून. ते बहुतेक ज्या फोर्ड एक्सप्लोररला बसवले जात, तिला फोर्डने सांगितलेलं प्रेशर होतं २६. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. मला तो २६ चा आकडा वाचून घाम फुटला.

आता ‘कोल्ड’चा अर्थ. मे महिन्यात दुपारी चहा ओतून ठेवा आणि विसरा. तासाभराने घरातलं माणूस म्हणेल, चहा थंड झाला. तो काही बर्फ झालेला नसतो. बाहेर जितकी उष्णता, तितकाच तो उतरलेला असतो. टायरचं ‘कोल्ड’ अगदी तेवढंच. गाडी निदान तीन तास उभी आहे, चालवल्यामुळे आलेली उष्णता निघून गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. हंगामाशी त्याचा संबंध नाही. इंजिनाचा ‘कोल्ड स्टार्ट’सुद्धा वैशाखात होतोच की.

चालवल्यावर प्रेशर चार-पाचने वाढतं. ती वाढ आकडा ठरवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. म्हणून पंपावर दुपारी ३८ दिसले तर हवा सोडायला लावू नका. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ जळगावहून येताना दर वेळी हेच करायचे. सकाळी त्यांच्या टायरमध्ये २८ उरायची. गरम टायरमधली हवा सोडायची नाही, कमी असली तर भरायची, आणि खरा आकडा दुसऱ्या दिवशी पहाटे बघायचा. पहाटेच, कारण आपल्या उन्हात उभी गाडीही ‘कोल्ड’ राहत नाही. उन्हाकडची दोन चाकं जास्त दाखवतात. उलट गंमत अशी की दर दहा अंशांना प्रेशर साधारण दीड-दोनने बदलतं, म्हणजे मेमध्ये नीट भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीनेकने उतरलेली असते. थंडीतच भर घालावी लागते. मी नेमका उलटा चाललो होतो.

माझी कथा ऐकून शेजारच्या मुलाने टायरवरच छापलेला ४४ चा आकडा वाचला आणि तेवढी ठासून भरली. तो टायर सोसू शकेल असा कमाल आकडा. आपला आकडा दारातल्या स्टिकरवर, आणि माणसं-सामान भरलं असेल तर त्यातला मोठा. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, खिशात मावणारं स्वतःचं घ्या. तरी फुटलंच, तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून हळू उचला, ब्रेकला लगेच हात-पाय लावू नका.

आणि स्टेपनीही बघत जा. त्या दिवशी आमच्या स्टेपनीत बारा होती.