शब्दांची गल्लत आणि दुरुस्तीची रीत

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यकारभारात मराठीला विधिवत स्थान लाभले. त्याआधीच, १९६० साली, भाषा संचालनालयाची स्थापना होऊन प्रशासनाची मराठी परिभाषा सिद्ध करण्याचे कार्य सुरू झाले होते. शब्द सिद्ध झाले, कोशांत आले, छापील नमुन्यांतही आले. ते योग्य जागी पडतात की नाही, हे मात्र गावच्या चावडीत, शाळेत आणि तालुक्याच्या कचेरीत लेखणी धरणाऱ्या हातावर अवलंबून असते. दिसण्यात सारखे अथवा अर्थाने जवळचे दोन शब्द एकमेकांच्या जागी आले की लिहिणाराचे सहसा काही बिघडत नाही. ज्याच्याविषयी लिहिले त्याचे बिघडते.

अर्थ बदलणारी गल्लत

‘आरोपी’ आणि ‘अपराधी’ हे शब्द याचे ठळक उदाहरण होय. ज्याच्यावर आरोप ठेवण्यात आला तो आरोपी. न्यायालयात दोष सिद्ध झाल्यानंतरच त्याला अपराधी म्हणता येते. अहवालात हा भेद पाळला नाही, तर निकालापूर्वीच एखाद्याला शिक्षा दिल्यासारखे होते.

सेवाविषयक पत्रव्यवहारातही अशीच गल्लत आढळते. ‘निलंबन’ म्हणजे कर्मचाऱ्यास चौकशीच्या संदर्भात कामापासून तात्पुरते दूर ठेवणे. नियमानुसार ती शिक्षा नव्हे. ‘बडतर्फी’ ही मात्र मोठी शिक्षा होय. ‘सेवेतून काढून टाकणे’ ही तिच्याहून वेगळी शिक्षा असून, तीत पुढे शासकीय नोकरी मिळण्याची वाट बंद होत नाही. बडतर्फ झालेल्यास ती सामान्यतः बंद होते.

पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे अशीही काही जोडकी आहेत. ‘ग्रामसभा’ ही गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या सर्वांची. ‘ग्रामपंचायतीची सभा’ ही निवडून आलेल्या सदस्यांची. सदस्यांनी केलेला ठराव ‘ग्रामसभेचा ठराव’ म्हणून नोंदला गेला, तर जे गावाला विचारलेच नाही ते गावाने मान्य केले असे दप्तर सांगू लागते. घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत ‘मालक’ आणि ‘भोगवटादार’ हे रकाने निराळे असतात, कारण घरात राहणारा प्रत्येक जण घराचा मालक असतोच असे नाही. ‘अनुदान’ शासनाकडून मिळते, तर ‘अंशदान’ म्हणजे आपला वाटा आपण द्यावयाचा. ‘तहकूब’ सभा पुढे चालू व्हावयाची असते; ‘रद्द’ केलेली सभा मुळी भरतच नाही. ‘उपेक्षित कुटुंबांची यादी’ करावयाची असता ‘अपेक्षित कुटुंबांची यादी’ असे लिहिले, तर एका अक्षराने कामाचा हेतूच हरवतो.

ऱ्हस्वदीर्घाचे कोडे

राष्ट्रीय सणाच्या दिवशी कोठे कोठे फलकावर ‘स्वातंत्र्यदीन’ असे लिहिलेले दिसते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार. उत्सवाच्या फलकावर ‘दीन’ यावा हे विपरीतच. तथापि ही चूक निव्वळ निष्काळजीपणाची नसते. मराठी अकारान्त शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहिला जातो, जसे वीट, फूल, मूल. या शब्दांच्या सवयीने हात ‘दीन’ लिहून जातो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपले मूळ रूप राखतात. म्हणून दिन, गुण, विष हे ऱ्हस्वच राहतात. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा, हा भेदही याच नियमाने उलगडतो. मराठी शब्दाला विभक्ती लागली की दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते : फूल–फुलाला, वीट–विटेला. संस्कृत ‘दीन’ मात्र ‘दीनाला’ असाच राहतो. विद्यार्थ्याच्या चुकीमागे असा अर्धवट लागू केलेला नियम असू शकतो, हे शिक्षकाने जाणले तर लाल शाईच्या खुणेपेक्षा दोन वाक्यांचे स्पष्टीकरण अधिक उपयोगी पडेल.

नियमांनाही काळ असतो

शासनाने १९६२ साली मराठी लेखनाचे चौदा नियम मान्य केले. १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. त्यापूर्वीची पिढी ‘नाहीं’, ‘कां’, ‘केलें’ असे अनुस्वार देऊन लिहीत असे व तेच शुद्ध समजले जाई. उच्चारात नसलेले अनुस्वार या नियमांनी वगळले. तेव्हा जुन्या दस्तातील ‘नाहीं’ ही चूक नव्हे, ती त्या काळची रीत होय. याच नियमांनी पात्राच्या तोंडी ‘असं झालं’ आणि इतर लेखनात ‘असे झाले’ हा भेदही मान्य केला आहे. बोलणे आणि लिहिणे यांची मापे निराळी, हे त्यात गृहीत आहे.

दुरुस्ती कोणाची, कशी?

यावरून दुरुस्तीची रीत ठरविता येते. जेथे अर्थ अथवा हक्क बदलतो तेथे दुरुस्ती अवश्य करावी आणि तिची जबाबदारी दप्तर ठेवणाराची मानावी, अर्ज करणाराची नव्हे. अर्जदाराने तोंडी सांगताना ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले, तर नळाची मागणी लहान होत नाही. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणारे, तसेच घरी गोंडी किंवा कोरकू बोलून शाळेत मराठी शिकणारे मूल, यांच्या बोलण्याला हसणे ही भाषेची सेवा नव्हे. हसे झालेले मूल पुन्हा प्रश्न विचारीत नाही. हसे झालेला ग्रामस्थ पुन्हा कचेरीची पायरी चढत नाही.

चूक दाखवावयाची ती चारचौघांत नव्हे, तर बाजूस घेऊन, कारणासह आणि स्वतः कोश पाहून झाल्यावर दाखवावी. सभेतील वक्त्याचे बोलणे मध्येच तोडून शब्द सुधारला की विषय बाजूस पडतो आणि शब्दच उरतो.

व्यक्तीचे नाव हा तर दुरुस्तीचा प्रांतच नव्हे. ‘सुनीता’ हे रूप व्याकरणाला धरून आहे. पण मुलीचे नाव जन्मनोंदीत ‘सुनिता’ असेल आणि गुरुजींनी दाखल्यावर सद्भावनेने ‘सुनीता’ केले, तर एका मुलीच्या कागदोपत्री दोघी होतात. पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी अथवा वारसाच्या नोंदीच्या वेळी आपण एकच आहोत हे सिद्ध करण्यासाठी तिलाच हेलपाटे घालावे लागतात. नाव मूळ नोंदीप्रमाणेच उतरवावे. बदल करावयाचा तो ठरलेल्या पद्धतीने अर्ज घेऊनच करावा.

शुद्ध लेखनाचा आग्रह योग्यच आहे. पण तो प्रथम आपल्या लेखणीपुरता धरावा आणि दुसऱ्याच्या लेखणीला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या दुरुस्तीने कोणाचे काम सोपे होणार आहे? या प्रश्नाला उत्तर असेल तेथेच लेखणी उचलावी.