गटाचा निर्णय वेळेवर कसा व्हावा?
माणसांचे स्वभाव ओळखून सभा चालविण्याची रीत

कपाशीवरील शेंदरी बोंडअळीचा बंदोबस्त ही एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. एकाने आपले शेत कितीही राखले, तरी शेजारच्या शेतातील पतंग बांधावर अडत नाही. म्हणून निदान एका शिवारातील शेतकऱ्यांनी तरी मिळून एकाच वेळी उपाय योजावा लागतो. २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशीचे या अळीने जे नुकसान केले, त्यातून हा धडा पुष्कळांनी घेतला आहे.

उपाय केव्हा करावा हेही ठरलेले आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात ओळीने तीन रात्री दररोज आठ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा शेतातून वेचलेली २० हिरवी बोंडे फोडली असता दोन किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी आढळली, म्हणजे फवारणीची वेळ आली असे समजावे. अंडी काही दिवसांतच फुटतात आणि अळी लवकरच बोंडात शिरते. एकदा ती आत गेली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा आज घ्यावयाचा निर्णय आठ दिवसांनी घेतला, तर तो न घेतल्यासारखाच होय.

असे असूनही गटाच्या पुष्कळ सभा ‘पुढच्या बैठकीत पाहू’ एवढ्यावरच उठतात. माहिती नसते म्हणून असे होते, असे नाही. एकाच वेळी प्रत्येकाला निराळी गोष्ट हवी असते आणि ती कोणालाच मिळत नाही, हे त्याचे खरे कारण होय.

चार प्रकारचे स्वभाव

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी स्वभावाच्या प्रकारांवरील आपला ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध केला. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत मेरिल व रीड या दोघांनी कामाच्या ठिकाणी सहज दिसून येईल अशी विभागणी केली. तिला दोन गोष्टी पाहाव्या लागतात: माणूस आपले मत ठासून सांगतो की हळू सांगतो, आणि मनातील भाव दाखवितो की आत ठेवतो. त्यावरून चार प्रकार होतात.

पहिला धडाडीचा. तो म्हणतो, “बोलणे पुरे, उद्याच पंप काढा.” त्याला तारीख हवी असते. दुसरा उत्साही व बोलका. त्याला सारे गाव बरोबर हवे असते, पण बोलण्याच्या भरात मूळ प्रश्न मागे पडतो. तिसरा मिळतेजुळते घेणारा. कोणी दुखावू नये म्हणून तो गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्याला इतर लोक होकार समजतात. चौथा चिकित्सक. “किती सापळ्यांत किती पतंग?” हे कळल्याखेरीज तो मान हलवीत नाही.

या चौघांपैकी कोणीही गटाला अडचण नव्हे. धडाडीचा नसेल तर काम सुरू होत नाही, आणि चिकित्सक नसेल तर चुकीचे काम जोरात सुरू होते. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन काही शेतकरी व शेतमजूर दगावले, याचे विस्मरण होऊ नये. “हातमोजे आहेत काय? वारा कोणत्या दिशेचा आहे?” असे विचारणारा माणूस सभेचा वेळ खात नसतो, तर कोणाचा तरी जीव वाचवीत असतो. घाई निर्णयाची असावी, औषध हाताळण्याची नसावी.

सभा कशी चालवावी?

१. नियम आधी ठरवावा. पीक लहान असताना, मन शांत असताना, ‘सापळ्यात इतके पतंग आले म्हणजे फवारणी करावयाची’ असा ठराव गटाने करून ठेवावा. मग ऐनवेळी वादाला जागा राहत नाही. फक्त मोजणी करावी लागते.

२. मोजणीचे काम चिकित्सकाकडे द्यावे. त्याने रोज सापळे पाहून वहीत आकडे लिहावेत. सभेत २० बोंडे आणून सर्वांसमक्ष फोडावीत. डोळ्यांनी पाहिलेल्या अळीविषयी लांबलचक चर्चा होत नाही.

३. सभेपुढे एकच प्रश्न ठेवावा: फवारणी करावयाची काय, आणि कोणत्या दिवशी? मागील वर्षाचा हिशेब किंवा बियाण्याची तक्रार त्या सभेत घेऊ नये.

४. कमी बोलणाऱ्यांना आधी विचारावे. गटप्रमुखाने आपले मत सर्वांच्या शेवटी सांगावे. वडीलधाऱ्याने आधी मत दिले, तर त्याविरुद्ध बोलणे लहानांना जड जाते, आणि सभेत न बोललेली हरकत नंतर बांधावर प्रकट होते.

५. कामे स्वभावाप्रमाणे वाटावीत. दिवस, पंप व पाणी यांची जबाबदारी धडाडीच्या माणसाने घ्यावी. घरोघरी निरोप पोहोचविण्याचे काम बोलक्याने करावे. कोणाची काय अडचण आहे, याचा शोध मिळतेजुळते घेणाऱ्याने घ्यावा. कारण लोक आपले मन त्याच्याजवळच मोकळे करतात. औषधाची निवड व प्रमाण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे आहे, हे चिकित्सकाने पडताळून पाहावे.

६. सभा उठण्यापूर्वी निर्णय, तारीख व जबाबदार व्यक्ती ही तिन्ही वहीत लिहून मोठ्याने वाचून दाखवावीत.

एक सावधगिरी

स्वभावाची ही विभागणी म्हणजे माणसाच्या कपाळावर मारावयाचा शिक्का नव्हे. बैलबाजारात धडाडीने बोलणारा शेतकरी कर्जाच्या प्रश्नावर गप्प बसतो. एकाच माणसात दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. म्हणून विस्तार कार्यकर्त्याने ही नावे कोणाच्या तोंडावर किंवा पाठीमागेही उच्चारू नयेत. आपल्या मनातच ठेवून कामापुरती वापरावीत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कचरणे हा नेहमी स्वभाव नसतो. सभेत कोपऱ्यात बसून “बघू” म्हणणाऱ्याजवळ कदाचित पंप नसेल, औषधापुरता पैसा नसेल, किंवा एकटीने शेती सांभाळणाऱ्या बाईला फवारणीस मजूर मिळत नसेल. अशा वेळी स्वभाव ओळखून काही उपयोग नाही. पंप मिळवून दिला पाहिजे. एक शेत सुटले तर पतंग तेथूनच पुन्हा सर्व शिवारात पसरतो. मागे राहिलेल्या शेतकऱ्याला बरोबर घेणे हा केवळ दयेचा नव्हे, तर सर्वांच्या हिताचा प्रश्न आहे.

अभ्यासासाठी

१. आपल्या गटाच्या मागील तीन सभा आठवा. निर्णय कोणत्या ठिकाणी अडला? त्या वेळी कोणाला काय हवे होते?
२. त्या सभांत एकदाही न बोललेले सदस्य किती? पुढील सभेपूर्वी त्यांना घरी जाऊन भेटा.
३. या हंगामासाठी गटाने आधी करून ठेवावयाचा ठराव एका वाक्यात लिहा व सभेत वाचून दाखवा.