दुर्बल हृदयाचे इंधन आणि लंघनाचा विचार

हृदय निकामी होत चाललेला रुग्ण श्वास, शोथ व बलहानी घेऊन आपणांकडे येतो. पैकी बलहानीचे मूळ हृदयपेशीतच कसे असते, हे येथे आम्ही मांडीत आहोत.

मानवी हृदय दिवसाकाठी सुमारे ६ किलोग्रॅम एटीपी हे ऊर्जाद्रव्य निर्माण करून खर्चते. साठा मात्र काही सेकंदांपुरताच असतो. निरोगी हृदय यातील निम्म्याहून अधिक ऊर्जा मेदाम्लांच्या ज्वलनातून मिळविते. व्याधी बळावली की हे ज्वलन घडविणारी विकर-प्रथिने घटतात. ऊर्जा स्नायुतंतूंपर्यंत पोहोचविणारे क्रिएटिन कायनेज मंदावते. कॅल्शियम परत साठविणारे सर्का हे प्रथिनही उणावते. त्यामुळे आकुंचन दुबळे होते आणि शिथिलीकरणही रेंगाळते. (एटीपी म्हणजेच ओज, असे समीकरण मांडण्याची घाई आम्ही करणार नाही.) अशा हृदयास केवळ उत्तेजन देणे म्हणजे उपाशी बैलास पराणी टोचणे होय. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुखावाटे दिलेल्या मिलरिनोनने मृत्यूंचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढले होते.

प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या हृदयांच्या २०१६ मधील अभ्यासात निराळी गोष्ट दिसली. ही हृदये कीटोनद्रव्यांचा इंधन म्हणून अधिक वापर करीत होती. डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही मूळची मधुमेहाची औषधे रक्तातील कीटोन किंचित वाढवितात. २०१९ व २०२० च्या चाचण्यांनंतर ती मधुमेह नसलेल्या हृद्रोग्यांसही दिली जातात. त्यांच्या लाभात कीटोनचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

आपल्या व्यवहाराशी संबंध येतो तो येथे. ही औषधे घेणाऱ्या, विशेषतः मधुमेही रुग्णास लंघन, वमन वा विरेचन घडविले तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. हृल्लास, छर्दी, उदरशूल, श्वास ही त्याची लक्षणे. ती शोधनाची व्यापद् वाटण्याचा संभव मोठा. शिवाय ग्लुकोमीटरवरील साखर फारशी वाढलेली नसते. अशा वेळी रक्तातील कीटोन तपासून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे किमान ३ दिवस थांबवितात. शोधनापूर्वीही मूळ चिकित्सकाशी बोलूनच निर्णय घ्यावा. रुग्णास परस्पर औषध बंद करावयास सांगू नये. सोबत फ्युरोसेमाइड चालू असल्यास जलक्षयाची भीती दुणावते. औषधविक्रेत्या बंधूंनीही एरंडतेल अथवा इच्छाभेदी रस देण्यापूर्वी ग्राहकास चालू औषधांची चिठ्ठी अवश्य मागावी.