आधी विचारा: इंजिन थांबलं कसं?

होडीचं आउटबोर्ड इंजिन चालता चालता बंद पडलं, की हात आपोआप स्टार्टरच्या दोरीकडे जातो. मी मात्र सांगतो, आधी नांगर टाका. होडी खडकांकडे वाहत गेली नाही, तरच शांतपणे विचार करता येतो.

आता स्वतःला विचारा: इंजिन थांबलं कसं?

दिवा विझावा तसं एका क्षणात? मग बहुधा वीज तुटली. चालकाच्या अंगाला बांधायची बंद-स्विचची दोरी निसटलीय का, एखादी वायर सैल झालीय का, ते बघा.

धापा टाकत, हळूहळू थांबलं? मग बहुधा त्याला पेट्रोल कमी पडतंय. सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल, तर पेट्रोल ओढलं जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही आणि पुरवठा आटतो. नंतर नळीवरचा रबरी फुगा दाबा. तो चपटाच राहिला, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. कितीही दाबून घट्ट होत नसेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय किंवा फुग्याची झडप गेलीय. फिल्टरच्या तळाशी पाणी साचलंय का, तेही पाहा.

आणि इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार आधीच थांबली असेल, तर पुन्हा चालू करूच नका. इंजिन तापलंय. खालच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकलेली असू शकते.

आज एवढंच करूया: किनारा सोडण्याआधी स्क्रू उघडा, फुगा दाबा, धार बघा.