गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण काय करतो? तलाठ्याकडे जातो. सातबारा काढतो. नाव कोणाचे ते पाहतो. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का, तेही पाहतो. मगच विसार देतो. जुनी गाडी घेताना मात्र आपण हॉर्न वाजवतो, टायरला लाथ मारतो आणि पैसे मोजतो!

आमच्या वाडीतल्या एका बागायतदाराचे असेच झाले. आंब्याचा हंगाम तोंडावर आलेला. त्याने दलालामार्फत जुना टेंपो घेतला. साठवलेले पैसे आणि बायकोच्या पाटल्या मोडून आलेले पैसे, सगळे रोख दिले. "कागद मागाहून देतो," दलाल म्हणाला. टेंपो वीस दिवस छान चालला. एकविसाव्या दिवशी पेट्या भरलेल्या असताना दोन माणसे आली. टेंपोवर फायनान्स कंपनीचे कर्ज होते. मूळ मालकाने हप्ते थकवले होते. पेट्या रस्त्यावर उतरल्या आणि टेंपो गेला. दलालाचा फोन लागेना. पावती तर घेतलीच नव्हती.

हा माणूस निरक्षर नव्हता बरे का. पण आर.सी. त्याने हातात धरून वाचली नव्हती.

आर.सी. म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र. पूर्वी त्याचे पुस्तक असे, आता कार्ड असते. त्यावर मालकाचे नाव, इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. तो नंबर लोखंडावर ठोकलेला असतो. दोन्हीकडचे एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहा. अक्षरे इंग्रजी असतात. येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या, लाजू नका. नंबर घासलेला दिसला तर गाडी चोरीची असू शकते.

कर्ज देणाऱ्याचे नावही आर.सी.वर असते. हाच गाडीवरचा बोजा. "कर्ज कधीच फेडले हो," असे विकणारा म्हणेल. तुम्ही बँकेचे पत्र आणि बँकेची सही असलेला फॉर्म ३५ मागा. तो आरटीओत गेल्यावरच बोजा उतरतो. झेरॉक्सवर विसंबू नका. एम.एच. ०८ ची गाडी असेल तर रत्नागिरीच्या आरटीओत नोंद विचारा. गाडी गोव्याची असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला आधी हवा. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर चढू द्या.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरायचे. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नये, घेऊही नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आपल्या राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचे. विम्यावरचे नावही बदलायचे. विकणाऱ्यालाही हे चुकत नाही. एक मोटार अशीच या हातातून त्या हातात विकली गेली, पण आर.सी.वर पहिलेच नाव राहिले. पुढे अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, भरपाईला नोंदीतला मालकच जबाबदार.

आमचा बागायतदार पुन्हा टेंपो बघतो आहे. परवा तो माझ्याकडे एक कागद घेऊन आला. चासीवर कागद ठेवून त्याने पेन्सिल घासली होती. नंबर उमटला होता. आम्ही दोघांनी सतरा अक्षरे आर.सी.शी लावून वाचली. अकरावे जुळेना. तो उठला आणि विकणाऱ्याला नको म्हणून सांगून आला.